कोयता निघाला विलायतेला

पाटस-न्हावऱ्याकडची ऊसतोड आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडची माणसे येतात, फडाजवळ कोप्या घालतात, पट्टा पडला की परत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधी घ्यायची, मग अंग मोडून फेडायची. नाही फिटली तर पुढच्या साली पुन्हा त्याच्याच दारात. हे आपल्या पोरांच्या नशिबी नको म्हणून आपण त्यांना शाळेत घातले.

गेल्या रविवारी दौंडकडच्या एक ताई मुलाला घेऊन आमच्या घरी आल्या. पोरगा बारावी झालेला, रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर. पिशवीत सातबारा. शिरूरच्या एका एजंटाने विलायतेत सहा महिने स्ट्रॉबेरी तोडायचे काम लावून देतो म्हणून अडीच लाख मागितले होते. वीस गुंठे गहाण टाकायचे ठरलेच होते. कागद तेवढा आम्ही वाचून द्यायचा.

आम्ही आधी हिशेब मांडला. बी.कॉम. झाल्याचा तेवढाच उपयोग! असा व्हिसा खरोखर आहे. २०१९ पासून ब्रिटन फळे-भाज्या तोडायला परदेशी मजूर जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी बोलावते. आठवड्याला किमान ३२ तासांची मजुरी द्यावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये तासाचा किमान दर १२.२१ पौंड झाला. पौंड ११० रुपयांचा धरला तरी आठवड्याचे ४३ हजार. त्यातून राहण्याचे आठेक हजार कापले जातात. पोरगा आईकडे पाहून हसला. खोटे का बोला, क्षणभर आमचेही डोळे फिरले.

पण स्कॉटलंडात जूनच्या पहाटेही स्वेटर लागतो. प्लास्टिकच्या बोगद्यात दिवसभर तोडणी, किती किलो भरले त्यावर नजर, मुक्काम मळ्यावरच्या कॅरव्हॅनमध्ये. बायकोपोरांना नेता येत नाही. तोडणी मंद म्हणून मध्येच काढले, तर इकडे व्याज चालूच. २०२२ मध्ये केंटच्या मळ्यांवर आलेल्या इंडोनेशियन मजुरांनी एजंटांना हजारो पौंड कर्ज काढून दिल्याचे तिथल्याच वृत्तपत्राने छापले होते. म्हणजे उचल उलटी झाली. इथे मुकादम पैसे देऊन बांधतो, तिथे मजूर स्वतःच पैसे देऊन बांधला जातो.

नियम मात्र स्पष्ट आहेत. तिथल्या सरकारचा परवाना असलेल्या मोजक्या संस्थाच या मजुरांना बोलावू शकतात, आणि नोकरी दिल्याबद्दल मजुराकडून पैसा घेणे त्यांना मना आहे. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली एजंट नोंदणीकृत हवा. त्याचे शुल्क जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचे नाव पाहता येते. व्हिसाची फी आणि विमानाचे तिकीट धरूनही अडीच लाख होत नाहीत.

पोराने आमच्यासमोरच एजंटाला फोन लावून नोंदणी क्रमांक विचारला. पलीकडून उत्तर आले, "आधी पैसे भर, मग नंबर."

पोरगा काही बोलला नाही. चहाही घेतला नाही. निघताना ताईंनी सातबारा आमच्या टेबलावर ठेवला. "दादा, हा तुमच्याकडंच राहू द्या. घरात ठेवला की पोरगं हुडकतंय."