खोक्यावर न छापलेली तारीख

समुद्राकाठच्या अर्नाळ्यातल्या घरांत राउटरची जागा ठरलेली असते. टीव्हीच्या वर, गणपतीच्या किंवा येशूच्या तसबिरीशेजारी, नाहीतर माळ्याच्या कडेला स्वतःच्याच वायरीवर लोंबकळत. केबलवाल्यानं लावून दिल्यापासून त्याला हात लागतो तो फक्त नेट गेल्यावर, आणि तोही बंद-चालू करण्यापुरता. खाऱ्या हवेत पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, बटणांच्या खाचांत धूळ बसते. पण नेट येतंय ना, मग झालं.

येत्या १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातील. कालपर्यंत नीट चाललेलं इंजिनही उघडलं जाईल, फळ्यांच्या सांधी तपासल्या जातील, जाळी दुरुस्त होतील. राउटरच्या नशिबी असली डागडुजी कधी येत नाही. वास्तविक तोही एक छोटा संगणकच आहे. त्याला प्रोसेसर आहे, मेमरी आहे आणि कारखान्यात भरलेलं सॉफ्टवेअर आहे. या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. त्यात चुका सापडत राहतात, कंपनी काही वर्षं त्या दुरुस्त करून नवं फर्मवेअर देते, आणि मग एक दिवस द्यायचं थांबते. तो दिवस कोणता, हे विकत घेताना आपल्याला कोणीच सांगत नाही. माझी तक्रार आहे ती याबद्दल. पण आधी कामाचं बोलू.

जुन्या राउटरनं बिघडतं काय, असं विचारणाऱ्यांसाठी आपल्याच देशातलं उदाहरण आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम एका मालवेअरनं बंद पाडले. कर्नाटकात त्याचा मोठा फटका बसला. ज्यांनी मोडेमचा मूळचा ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड बदलला नव्हता तेच त्यात सापडले, आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचं आवाहन करावं लागलं. तो हल्ला निदान दिसला तरी, कारण नेट गेलं. न दिसणारे हल्ले जास्त वाईट. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ हे मालवेअर ५४ देशांतल्या सुमारे ५ लाख राउटर आणि तत्सम उपकरणांत शिरलेलं आढळलं. घरमालकांचं नेट मजेत चालू होतं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं लिंक्सिसच्या ई१२००, ई२५०० अशा जुन्या मॉडेलांची नावं घेऊन इशारा दिला: गुन्हेगार असे राउटर ताब्यात घेतात आणि दुसऱ्यांना भाड्यानं देतात. भाडेकरू जे उद्योग करील त्यावर पत्ता उमटतो तुमच्या घराचा.

आता जरा जवळचं उदाहरण. टीपी-लिंकचे डब्ल्यूआर७४०एन आणि डब्ल्यूआर८४१एन हे स्वस्त राउटर आपल्याकडे एके काळी सर्रास बसवले गेले. एक किंवा दोन अँटेनांचा पांढरा डबा म्हटला की ओळख पटेल. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेनं, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या आपल्या यादीत या राउटरांतली एक त्रुटी घातली. त्या नोंदीत नुसती मॉडेलं नाहीत, आवृत्त्याही आहेत: ७४०एनची पहिली आणि दुसरी, ८४१एनची आठवी आणि दहावी. एकाच नावाखाली, जवळपास एकाच रूपात, ८४१एनच्या चौदाव्या आवृत्तीपर्यंत डबे निघाले. आतली चिप मात्र बदलत गेली. आठव्या आवृत्तीचं फर्मवेअर तेराव्यात घातलं तर नशीब चांगलं असल्यास राउटर ते नाकारेल. नसल्यास कायमचा गप्प होईल.

म्हणून पहिलं काम राउटर उलटा करण्याचं. खालच्या स्टिकरवर मॉडेलच्या शेजारी ‘व्हर्जन’ किंवा ‘हार्डवेअर व्हर्जन’ लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. खाऱ्या दमटीनं स्टिकर पुसलं गेलं असेल तर राउटरच्या पानावर जा: ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा आकडा इंग्रजी अंकांत टाकला की ते बहुधा उघडतं, आणि तिथं ‘स्टेटस’खाली हार्डवेअर आणि फर्मवेअर या दोन्ही आवृत्त्या दिसतात. ते पान ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’नं उघडलं, तर फर्मवेअरच्या आधी पासवर्डची काळजी करा. समुद्राकाठच्या रिसॉर्ट आणि कॉटेजवाल्यांनी तर आजच. मुंबईहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला भिंतीवरचा वायफाय पासवर्ड मिळतो. त्यातल्या एखाद्या उत्साही पोरानं हा आकडा टाकून पाहिला, तर राउटरच्या चाव्या त्याच्या हातात.

हेही बघून ठेवा की डबा नक्की कोणाचा आहे. फायबर थेट ज्यात शिरते तो डबा बहुतेक वेळा नेट देणाऱ्या कंपनीचा असतो. त्याचं फर्मवेअर तीच दुरून बदलते, आपण त्याच्या वाटेला जायचं नाही. आपण दुकानातून आणून त्याच्यापुढे जोडलेला राउटर मात्र आपली जबाबदारी.

फर्मवेअर शोधायचं ते फक्त बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर, आणि शक्यतो त्याच्या भारतासाठीच्या विभागात, कारण काही कंपन्या देशागणिक वेगळं फर्मवेअर देतात. सपोर्ट, मग डाउनलोड, मग मॉडेल, मग आवृत्ती. गुगलवर नाव टाकल्यावर वर येणारी, हिरव्या बटणांनी भरलेली ‘फ्री डाउनलोड’वाली पानं सोडून द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर मित्रानं पाठवलेली फाइलही नको, मित्र कितीही जाणकार असो. राउटरच्या पानावर ‘ऑनलाइन अपग्रेड’चं बटण असतं, तेही जुन्या डब्यात फसवं. ‘तुमचं फर्मवेअर अद्ययावत आहे’ याचा अर्थ कित्येकदा एवढाच असतो की कंपनीनं पुढे काही केलंच नाही.

फाइलच्या शेजारी तारीख असते आणि काय बदललं याची चार ओळींची टीप असते. ती वाचा. ‘या आवृत्तीनंतर सेटिंग पुसल्या जातील’ किंवा ‘आधी मधली आवृत्ती घाला’ अशा सूचना तिथंच लपलेल्या असतात. फाइल झिपमध्ये येते, ती उघडून आतली फाइल राउटरला द्यायची असते. अपवाद असले तर टीप सांगते.

आता खरा धोका. फर्मवेअर बदलताना राउटर आधीचं पुसून नवं लिहीत असतो. त्या दोन-चार मिनिटांत वीज गेली तर अर्धं लिहिलेलं फर्मवेअर घेऊन तो उठू शकत नाही. काही मॉडेलांत त्याला परत जागं करायची सोय असते, पण ती घरगुती माणसाला झेपण्यासारखी नाही. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून हे काम मृगाच्या आधी, कोरड्या दिवशी सकाळी उरकावं. हल्ली राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, ते चांगलेच. पण विकत घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा. ८४१एनच्या अनेक डब्यांना ९ व्होल्ट लागतात आणि बाजारातले बरेच यूपीएस १२ व्होल्टचे असतात. पिन बसते, म्हणून लोक लावतात.

दुसरा खड्डा खास आपल्याकडचा. अजूनही बऱ्याच केबलवाल्यांचं नेट राउटरमध्ये यूजरनेम आणि पासवर्ड भरल्याशिवाय चालत नाही. त्याला पीपीपीओई म्हणतात. फर्मवेअर बदलल्यावर सेटिंग पुसल्या गेल्या की ही माहिती जाते, आणि रविवारी केबलवाला फोन उचलत नाही. म्हणून सुरुवात करण्याआधी ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या पानाचा फोटो काढा. पासवर्डच्या जागी ठिपके दिसणार, तेव्हा तो आधीच केबलवाल्याकडून मागून वहीत लिहून घ्या. बॅकअपची फाइलही घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. मोठ्या बदलानंतर जुना बॅकअप नव्या फर्मवेअरला अनेकदा पटत नाही.

बाकीचं सोपं आहे. लॅपटॉप लॅन केबलनं जोडा, वायफायवरून हे काम करू नका. लॅपटॉप नसेल तर कॉलेजला जाणाऱ्या भाच्याचा मागून आणा. फाइल निवडा, बटण दाबा, आणि पट्टी पूर्ण होईपर्यंत काहीही करू नका. पट्टी थांबल्यासारखी वाटली तरी राउटर बंद करू नका, दहा मिनिटं थांबा. राउटर उठला की आवृत्ती बदलल्याची खात्री करा, नवा अ‍ॅडमिन पासवर्ड द्या, ‘रिमोट मॅनेजमेंट’ आणि ‘डब्ल्यूपीएस’ बंद करा. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा त्याच्या वरची हवी. २०१७ मध्ये बेल्जियमच्या एका संशोधकानं डब्ल्यूपीए२मध्येही ‘क्रॅक’ नावाची फट दाखवली. राउटरच्या बाजूनं तिचा इलाज फर्मवेअरच होता, म्हणजे त्याआधीचं फर्मवेअर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे तो इलाज पोचलेलाच नाही.

आणि संकेतस्थळावरची शेवटची फाइल आठ-दहा वर्षांपूर्वीची निघाली तर? कधीमधी कंपन्या सेवानिवृत्त मॉडेलांनाही एखादी दुरुस्ती देतात, पण त्या आशेवर बसू नये. हौशी मंडळी ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हे मोफत, खुलं फर्मवेअर सुचवतात. ते उत्तमच आहे, पण जुन्या ८४१एनमध्ये अवघी ४ एमबी साठवण आणि ३२ एमबी मेमरी असते. एवढ्याशा डब्यांसाठी ओपनडब्ल्यूआरटीनं १९.०७ नंतर अधिकृत आवृत्ती काढणं थांबवलं. मग तो डबा ई-कचऱ्यात द्यायचा, दुसरा मार्ग नाही. भावाच्या वाडीतल्या घरी नेऊन लावायचा नाही.

इथं माझी तक्रार पुन्हा वर येते. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते. राउटरच्या खोक्यावर एमआरपी असते, उत्पादनाचा महिना असतो, आयात करणाऱ्याचा पत्ता असतो, तक्रारीचा फोन असतो, आतल्या अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचा क्रमांक असतो. तो बीआयएसचा क्रमांक शॉक लागणार नाही, आग लागणार नाही याची हमी देतो. सुरक्षा दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील, हे मात्र कुठंच नसतं. ब्रिटननं २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू केला: नेटला जोडायच्या घरगुती वस्तूंना सरसकट एकच सोपा पासवर्ड चालणार नाही, आणि किमान कधीपर्यंत सुरक्षा दुरुस्त्या देणार हे उत्पादकानं जाहीर केलंच पाहिजे. युरोपीय संघाचा याहून कडक कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होतोय आणि तो साधारण पाच वर्षांच्या दुरुस्त्या मागतो. त्या बाजारांत माल विकणाऱ्या कंपन्यांना तिथं ही तारीख जाहीर करावीच लागणार. मग तीच भारतातल्या खोक्यावर छापायला शाई किती जास्त लागेल? आपल्या सरकारनं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ मध्येच काढलं, तिथं संगणक-मोबाइल साफ करायची मोफत साधनं मिळतात. पण डबा विकताना एक ओळ छापायची सक्ती केली, तर साफसफाईची वेळ कितीतरी घरांत येणारच नाही.

तोवर विरारच्या दुकानात राउटर घ्यायला गेलात की पैसे देण्याआधी खोक्यावरचं मॉडेल आणि आवृत्ती वाचून, तिथंच उभं राहून मोबाइलवर कंपनीचं डाउनलोड पान उघडा. शेवटचं फर्मवेअर दोन-तीन वर्षांहून जुनं दिसलं तर दुसरं मॉडेल मागा. दुकानदार म्हणेल, ‘साहेब, असलं कोणी विचारत नाही.’ विचारा तरी.