खोडण्यापूर्वीं पाहावें

शाळेच्या जनरल रजिस्टरासंबंधानें एक जुना नियम आहे. नोंदींत चूक आढळल्यास ती रबरानें पुसावयाची नाहीं, पात्यानें खरवडावयाची नाहीं, कीं तिच्यावर दुसरें अक्षर गिरवावयाचें नाहीं. चुकीच्या शब्दावर तांबड्या शाईनें एकच रेघ मारावयाची, शेजारीं शुद्ध शब्द लिहावयाचा, आणि मुख्याध्यापकांनीं तेथें सही करावयाची. रेघेखालचा मूळ शब्द पुढच्या माणसास वाचतां आला पाहिजे, हें त्या नियमाचें मर्म होय. नोकरीच्या आरंभीं हा नियम मला निव्वळ कारकुनी सोपस्कार वाटत असे. आज संगणकासमोर बसून काम करितांना तो मला मोठ्या शहाणपणाचा वाटतो. असें मतांतर कां झालें, तें विद्यार्थिमित्रांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हल्लीं शाळेची बरीचशी माहिती साध्या मजकुराच्या फाइलींत ठेविलेली असते. एका विद्यार्थ्याची एक ओळ; ओळींत अनुक्रमांक, पूर्ण नांव, गांव, शेरा असे रकाने; आणि दोन रकान्यांच्या मध्यें एक विभाजक चिन्ह, कोठें स्वल्पविराम तर कोठें उभी रेघ. अशा फाइलींतील प्रत्येक ओळींतून एखादा ठराविक मजकूर काढून टाकण्याचा प्रसंग वारंवार येतो. हातानें हें काम करूं गेल्यास दिवस मोडतो. यंत्राकडून तें क्षणांत होतें, आणि त्यासाठीं ज्या संगणकभाषा प्रसिद्ध आहेत, त्यांत पर्ल ही अग्रगण्य आहे.

या भाषेचा इतिहास आपल्यासारख्या शाळेंतील वाचकांस कौतुकाचा वाटेल. तिचे कर्ते लॅरी वॉल हे अमेरिकन गृहस्थ मूळचे भाषाशास्त्राचे अभ्यासक. आफ्रिकेंतील एखाद्या अलिखित भाषेचा अभ्यास करून तिला लिपि द्यावी, असा त्यांचा व त्यांच्या पत्नीचा बेत होता. प्रकृतीच्या कारणामुळें तो सिद्धीस गेला नाहीं. पुढें १९८७ सालीं त्यांनीं पर्ल प्रसिद्ध केली. मत्तयाच्या शुभवर्तमानांत मौल्यवान मोत्याचा जो दृष्टांत आहे, त्यावरून ‘मोती’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यांनीं तिच्यासाठीं योजिला होता. परंतु त्या नांवाची दुसरी भाषा आधींच आहे असें कळल्यावर त्यांनीं त्यांतलें एक अक्षर गाळिलें. या भाषेचें बळ मजकुरांतील साम्य शोधण्यांत आहे. कोणता मजकूर हवा त्याचा एक ‘नमुना’ लिहून द्यावयाचा, आणि यंत्रानें तो ओळीओळींतून हुडकावयाचा. या नमुन्यांचें गणित स्टीफन क्लीनी यांनीं १९५६ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि संगणकावरील शोधासाठीं तें कसें जुंपावें हें केन थॉम्पसन यांनीं १९६८ मध्यें दाखविलें.

आतां माझ्या हातून घडलेली चूक सांगतों. आमच्या फाइलींत मुलींच्या नांवांपूर्वीं ‘कु.’ असें लिहिलेलें होतें. परीक्षेच्या अर्जांसाठीं यादी पाठवावयाची होती, व तींत नांवापूर्वीं कोणतेंही उपपद नको होतें. मीं पर्लची एक ओळीची स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक ओळींत जेथें जेथें ‘कु.’ आढळेल तेथें तेथें तें काढून टाक. कळ दाबिली, आणि डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं शेंकडों ओळी ‘शुद्ध’ झाल्या.

परंतु नमुन्याच्या भाषेंत टिंब हें टिंब नव्हे. तेथें टिंबाचा अर्थ ‘कोणतेंही एक चिन्ह’ असा आहे. म्हणजे मीं यंत्रास सांगितलें तें असें, कीं ‘कु’ आणि त्याच्या पुढें जें काय असेल तें, दोन्ही काढून टाक. यंत्रानें आज्ञा अक्षरशः पाळिली. राजकुमाराचा ‘राजार’ झाला, अंकुशाचा ‘अं’ उरला. कुसुमच्या नांवाचा आरंभ बिनअक्षराच्या उकारानें होऊं लागला. मीं रकान्यांची मर्यादा घातली नव्हती, म्हणून गांवाच्या रकान्यांतील कुडाळाचेंही डोकें उडालें. ही विद्रूप नांवें पडद्यावर लगेच डोळ्यांत भरलीं. तीं मीं हातानें नीट केलीं, आणि काम संपलें असें समजून स्वस्थ बसलों.

दोन दिवसांनीं एक मुलगी यादीचा कागद घेऊन आली व म्हणाली, ‘‘सर, आम्ही भार नव्हे, कुंभार.’’ ‘कु’ आणि त्यापुढचा अनुस्वार गेल्यावर त्या आडनांवाचें ‘भार’ उरलें होतें. शेजारच्या ओळींत कुलकर्णीचें ‘कर्णी’ झालें होतें. अशा चुका विद्रूप दिसत नाहींत; त्या चांगल्या धडधाकट शब्दांचा वेष घेऊन बसतात, आणि म्हणूनच त्या अधिक घातक होत. त्या मुलीनें कागद वाचला म्हणून चूक सांपडली. तिनें वाचला नसता, तर तेंच नांव अर्जावर, अर्जावरून गुणपत्रकावर, आणि तेथून तिच्या जन्मभराच्या कागदपत्रांवर गेलें असतें. एकदां छापलेलें नांव दुरुस्त करून घेण्यास किती खेटे घालावे लागतात, हें ज्याला घालावे लागले त्यालाच ठाऊक. शिवाय, ज्या घरांत शाळेंत जाणारें तेंच पहिलें मूल आहे, त्या घरीं हा कागद तपासणार कोण?

मीं मूळ फाइलीचीच प्रत बदलून टाकिली होती. जुनी प्रत राखून ठेविली नव्हती. अखेर कपाटांतलें शाईनें लिहिलेलें रजिस्टर बाहेर काढिलें, आणि दोन सायंकाळ बसून एकेक नांव ताडून पाहिलें. तांबड्या रेघेचा नियम मला त्या वेळीं समजला. जो नियम कागदावर पाळण्यास आपण कारकुनास लावितों, तो यंत्रावर आपण स्वतः मोडीत होतों.

यावरून यंत्राचा नाद सोडावा असें कांहीं जण म्हणतील. मला तें मान्य नाहीं. शेंकडों ओळी हातानें दुरुस्त करणाऱ्याचे डोळे थकतात, आणि थकलेल्या डोळ्यांच्या चुका तर कोणत्याही नियमानें होत नसल्यामुळें शोधून काढणें अधिकच कठीण. यंत्राची चूक सर्वत्र एकसारखी असते. तिचें कारण समजलें कीं ती सर्वत्र एकदम सांपडते. म्हणून यंत्र टाकावयाचें नसून रीत सुधारावयाची आहे, आणि ती रीत अशी.

पहिली गोष्ट, खोडण्यापूर्वीं पाहावें. नमुना लिहिल्यावर त्याला जुळणाऱ्या ओळी प्रथम नुसत्या छापून घ्याव्या. मीं एवढें केलें असतें तर कुंभार व कुलकर्णी तेव्हांच समोर उभे राहिले असते. कोणी ‘कु.’ ऐवजीं ‘कुमारी’ लिहिलें असेल, तर तेंही शोध थोडा विस्तारून पाहिल्यानें कळतें. दुसरी गोष्ट, मूळ प्रत राखावी. जागच्या जागीं फाइल बदलतांना जुन्या प्रतीच्या नांवास एक शेपूट जोडून ती बाजूस ठेवण्याची सोय पर्लमध्यें आहे. ती न वापरणें हा निव्वळ निष्काळजीपणा होय.

तिसरी गोष्ट, आधीं रकाने वेगळे करावे आणि मग ज्या रकान्यांत काम असेल त्यालाच हात लावावा. पर्लमधील स्प्लिट या क्रियेनें ओळीचे तुकडे होतात, व जॉइन या क्रियेनें ते पुन्हां सांधले जातात. येथेंही दोन खांचखळगे आहेत. उभ्या रेघेचा नमुन्याच्या भाषेंत ‘किंवा’ असा अर्थ होतो; म्हणून तिच्यामागें उलटी तिरपी रेघ न दिल्यास ओळीचे रकाने न होतां एकेक अक्षर सुटें होतें. आणि ओळीच्या शेवटचे रकाने रिकामे असल्यास स्प्लिट ते मुकाट्यानें गाळते. ते राखावयाचे असल्यास तिला तुकड्यांची मर्यादा उणें एक अशी सांगावी लागते. स्वल्पविरामानें विभागलेल्या फाइलींत अवतरणचिन्हांतील पत्त्यांतही स्वल्पविराम असूं शकतो. तेथें ‘टेक्स्ट सीएसव्ही’ हें तयार मॉड्यूल वापरणें श्रेयस्कर.

चौथी गोष्ट, नमुना शक्य तितका अरुंद असावा. टिंबापूर्वीं तिरपी रेघ दिली कीं तें खरें टिंब होतें, आणि ‘^’ हें चिन्ह आरंभीं दिलें कीं शोध रकान्याच्या सुरुवातीसच बांधला जातो. ‘^कु\. *’ हा नमुना नांवाच्या रकान्यास लाविला, तर उपपद व त्यामागची मोकळी जागा एवढेंच जातें, आणि कुंभार कुंभारच राहतो. त्याचप्रमाणें, कंसांतील मजकूर काढावयाचा असतां ‘\(.*\)’ असा नमुना लिहिणारा फसतो, कारण हा नमुना हांवरट आहे. तो ओळींतील पहिल्या कंसापासून शेवटल्या कंसापर्यंत, मधल्या विभाजक रेघांसकट, सर्व गिळतो. तेथें ‘कंस मिटेपर्यंतचें, पण मिटणारा कंस सोडून’ असें स्पष्ट सांगणारा ‘\([^)]*\)’ हा नमुना हवा.

पांचवी गोष्ट आपल्या भाषेपुरती. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रीतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचें असतें. फाइल या रीतीची आहे हें पर्लला सांगितलें नाहीं, तर टिंब एका चिन्हाऐवजीं एकच बाइट उचलतें, आणि उरलेल्या दोन बाइटांचा नुसता कचरा पडद्यावर दिसतो. सर्व झाल्यावर जुन्या व नव्या प्रतींतील ओळी आणि विभाजक चिन्हें मोजावीं. तीं सारखीं भरलीं पाहिजेत. बदललेल्या ओळी जुन्यानव्या शेजारीं मांडून वाचाव्या. हीच यंत्रावरची तांबडी रेघ.

दुसरा पक्ष असाही आहे, कीं कृत्रिम बुद्धिमत्ता अशी स्क्रिप्ट मागतांक्षणीं लिहून देते. मग मुलांना हें शिकविण्यांत वेळ कां दवडावा? माझें उत्तर असें, कीं लिहून मिळालेली ओळ बरोबर आहे कीं नाहीं, हें ठरविणारा कोणी तरी असावा लागतो. टिंबाचा अर्थ ज्याला ठाऊक नाहीं, त्याला माझी चुकीची स्क्रिप्ट आणि वर दिलेला शुद्ध नमुना यांत फरक दिसणार नाहीं. म्हणून नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस हें लहानसें काम स्वतःच्या हातानें एकदां तरी करावयास लावावें, आणि तेंही खऱ्या नांवांच्या यादीच्या प्रतीवर, असें माझें ठाम मत आहे. एक तास पुरे.

लॅरी वॉल यांनीं विनोदानें प्रोग्रॅम लिहिणाराचे तीन सद्गुण सांगितले आहेत: आळस, उतावीळपणा व अहंकार. कंटाळवाणें काम यंत्रावर सोंपवावें, हें पहिल्या दोहोंचें तात्पर्य. आणि दुसऱ्यानें नांवें ठेवूं नयेत असें काम करावें, हें तिसऱ्याचें. विनोद मला पटतो. परंतु खोडण्याचें काम हातीं घेतांना यंत्रापुढें क्षणभर थांबण्याचा धीर हा चौथा गुण त्यांत घालावा, अशी माझी विद्यार्थ्यांस विनंति आहे. फाइलींतील प्रत्येक ओळीमागें एक मूल आहे. त्याच्या आईबापांनीं त्याला जें नांव दिलें, तें जसेंच्या तसें पुढें पोंचविणें हें आपलें कर्तव्य होय.