पाहणे आणि टिपणे

गतवर्षी पावसाळा सरता सरता एका सकाळी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्राचे दर्शन घडले. खालच्या धुक्यावर सप्तरंगी वर्तुळ उमटले मात्र, काठावरील तीस-चाळीस मंडळींनी त्याच्याकडे चक्क पाठ फिरवली! स्वतःच्या मुखासह ते वर्तुळ हातातील मोबाइलच्या चौकटीत कसे मावेल, या विवंचनेत सारे असतानाच ते विरून गेले.

याबद्दल मी हळहळ व्यक्त करताच बरोबरच्या तरुण स्नेह्याने मला जुनाट ठरविले. त्याचे म्हणणे असे की, स्मृती फसवी असते, छायाचित्र फसवीत नाही. तेव्हा उतारवयात या भटकंतीचा पुनःप्रत्यय हवा असेल तर आजच सारे टिपून ठेवावे. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो; म्हणूनच तो तपासून पाहणे अवश्य आहे.

मुळात जे पाहिलेच नाही ते आठवणार कसे? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना एका संग्रहालयातून फिरविले होते. ज्या वस्तूंची त्यांनी छायाचित्रे घेतली, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा त्यांना दुसऱ्या दिवशी कमीच आठवल्या. स्मरणाचे काम यंत्रावर सोपविले की मन आपल्या कर्तव्यातून मोकळे होते, एवढाच याचा अर्थ.

उलट पक्षी, याच गडावरून दिसलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात करून ठेविले आहे. दागेरच्या छायाचित्रणकलेची पॅरिसात घोषणा होण्यास तेव्हा चार वर्षे अवकाश होता. आमच्या गोडसे भटजींनी तर १८५७ च्या धामधुमीतील प्रवास कित्येक वर्षांनंतर आठवून लिहिला, आणि १९०७ साली छापून निघालेला तो ‘माझा प्रवास’ आजही घरोघरी वाचला जातो. त्यात तपशिलाच्या चुका असतील. परंतु पाहणारा माणूस त्यात आहे. सहस्रावधी चित्रे पेटाऱ्यात पडून असलेल्या आमच्या तरुणाजवळ नेमका तोच नाही.

छायाचित्रणकलेशी माझे वैर नाही. इटलीचा व्हित्तोरिओ सेल्ला १९०९ साली अवजड कॅमेरा घेऊन के-टू शिखराच्या परिसरात गेला. त्याची चित्रे आजही गिर्यारोहक आदराने पाहतात. ज्याला मोजकीच चित्रे घेणे शक्य असते, त्याला आधी डोळे भरून पाहावेच लागते. हेंकेलबाईंच्या प्रयोगातही, वस्तूच्या एखाद्याच भागावर भिंग रोखून चित्र घेणाऱ्यांची स्मृती उणावली नाही. दोष कॅमेऱ्याचा नसून, पाहण्याआधी टिपण्याच्या आपल्या अधीरतेचा आहे.

तेव्हा माझी मागणी माफक आहे. गडावर पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे यंत्र पिशवीतच असू द्यावे, आणि रात्री मुक्कामावर दिवसाच्या चार ओळी लिहाव्यात. एवढेही जमत नसेल, तर आठवणींसाठी चित्रे काढतो ही सबब तरी सोडून द्यावी.

इंद्रवज्राचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ते तेजोवलय प्रत्येकाला आपल्याच छायेच्या मस्तकाभोवती दिसते. ज्या स्वप्रतिमेसाठी त्या मंडळींनी पाठ फिरविली, ती निसर्गाने त्यांच्यासमोर आधीच मांडून ठेविली होती!