खेळाच्या कपाटांतील दिवे

"काका, बाकीचें सगळें झालें, आतां नुसते दिवे लावायचे राहिले," असें आमचा पुतण्या गेल्या चैत्रांत म्हणाला, तेव्हां दिवे लावणें हें शेवटचें व सर्वांत सोपें काम असावें, अशीच माझीहि समजूत होती. पुढें आम्हां उभयतांनीं जे दिवे लावले त्यांची हकीकत या महिन्यांत वाचकांस सांगावयाची आहे. आणि ती सांगतां सांगतां, ज्यांनीं कधीं तारेस हात लावलेला नाहीं अशा नवशिक्यांस हें काम निर्धोकपणें कसें करतां येईल, तेंहि सांगावयाचें आहे.

खेळाचें कपाट म्हणजे काय, हें घरांतील वडील मंडळींसाठीं प्रथम थोडक्यांत सांगतों. १९७८ सालीं जपानांत 'स्पेस इन्व्हेडर्स' व १९८० सालीं 'पॅक-मॅन' हे खेळ निघाले. ते नाणें टाकून उभ्यानें खेळावयाचे असत, व त्यांसाठीं पुरुषभर उंचीचें एक लांकडी कपाट असे. मध्यें पडदा, त्याखालीं दांडी व बटणें बसविलेली फळी, आणि माथ्यावर खेळाचें नांव लिहिलेली, आंतून उजळलेली पाटी. या कपाटांस व खेळांस आर्केड असें नांव आहे. २०१२ पासून रास्पबेरी पाय नांवाचा, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक बाजारांत मिळूं लागला, आणि तेव्हांपासून हौशी लोक तसलें कपाट घरच्या घरीं करूं लागले. आमच्या घरीं तें वाळवीनें पाठ खाल्लेल्या एका जुन्या पुस्तकांच्या कपाटांतून झालें.

दादांचा प्रथम विरोध होता. ज्या वर्ध्यास बापूंचें वास्तव्य झालें, तेथें मुलांनीं खेळाच्या पेटीपुढें उभें राहून वेळ दवडावा, हें त्यांस रुचेना. मी त्यांस एवढेंच म्हटलें, कीं १९३७ सालीं याच वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली, तिनें मुलांच्या हातांस काम द्या म्हणूनच सांगितलें होतें. आणि हें कपाट खेळण्यापेक्षां करण्यांतच पोराचे अधिक दिवस जाणार आहेत. शिवाय दिव्यांची खटपट आपल्या गांवास नवी नाहीं. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें मगनवाडींत जे प्रयोग केले, त्यांतला एक म्हणजे रॉकेलऐवजीं गोड्या तेलावर जळणारा 'मगनदीप' हा कंदील. मगन संग्रहालय मुलांस दाखवावयास नेतांना अशा वस्तूंपुढें आपण घाईनें निघून जातों. परंतु तेल वातीपर्यंत चढेल कसें, ज्योत काजळी धरणार नाहीं कशी, या लहानसहान प्रश्नांशीं कोणी तरी महिनेच्या महिने झुंजलेलें असतें. दादा हंसले व गप्प बसले. त्यांची संमति मिळाली असें आम्हीं धरून चाललों.

आतां अपघाताची हकीकत. पुतण्यानें जुन्या संगणकांतून वीजपुरवठ्याची पत्र्याची पेटी काढून आणली. तिच्यांतून १२ व्होल्टची वीज निघते, व ती १६ अँपियरपर्यंत देऊं शकते. जोडणीसाठीं त्याच संगणकांतील चपटी पट्टीसारखी तार सोलून तिचे केसाएवढाले पदर वापरले. सांध्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळली. दिवे झकास लागले. घरांतील सर्वांनीं, दादांनींसुद्धां, येऊन पाहिले. १२ व्होल्टच्या तारेस उघडा हात लावला तरी कांहीं होत नाहीं, हेंहि पुतण्यानें सर्वांस दाखविलें, आणि त्या दाखविण्यानेंच आमचा घात केला.

वैशाखांत आपल्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो हें विदर्भांतील वाचकांस सांगावयास नको. त्या उकाड्यानें चिकटपट्टीचा डिंक पाघळला, पट्टी सरकली, व धन तारेचा उघडा सांधा ऋण तारेस टेकला. रात्रींचे दोन वाजले होते. सुट्टीसाठीं आलेल्या भाचरांसह सगळीं मुलें त्याच खोलींत अंथरुणें घालून निजलीं होतीं. आईची ऐंशी उलटून गेली आहे, व तिची झोंप हलकी. तिला रबर जळल्याची घाण आली म्हणून तिनें मला हांक मारली. मी जाऊन पाहतों तों कपाटाच्या पाठीमागें तार लाल झालेली, तिचें वेष्टण वितळून गळत असलेलें, आणि आंतल्या प्लायवुडावर वीतभर लांब काळा चर पडून धूर निघत असलेला. भिंतीवरील बटण बंद करतांच सर्व शांत झालें. मुलांपैकीं एकहि जागें झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे पाटी-पेन्सिल घेऊन बसलों. तारेचा जातांयेतांचा रोध सुमारें १ ओह्म. १२ व्होल्ट भागिले १ ओह्म, म्हणजे १२ अँपियर प्रवाह. १२ गुणिले १२ म्हणजे १४४ वॅट उष्णता, आणि ती सारी त्या केसाएवढ्या तारेंत. पुरवठ्याची पेटी मात्र १६ अँपियरची. त्यामुळें आंत कांहीं बिघडलें आहे हें तिला कळण्याचें कारणच नव्हतें. घरधन्यानें आणखी दिवे लावले आहेत अशी तिची समजूत. १२ व्होल्टचा धक्का बसत नाहीं हें खरें, परंतु १२ व्होल्टनें आग लागूं शकते. मोटारीची बॅटरी तरी १२ व्होल्टचीच असते. या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हें त्या रात्रीपूर्वीं मला स्वच्छ समजलें नव्हतें, ही कबुली येथें देतों.

म्हणून नवशिक्यानें पहिली वस्तु विकत घ्यावयाची ती दिवा नव्हे, फ्यूज होय. आठ-दहा रुपयांची कांचेची नळी व तिचें घर, एवढाच हा सरंजाम. फ्यूज दिव्यांच्या रक्षणार्थ नसून तारेच्या रक्षणार्थ असतो. म्हणून तो पुरवठ्याच्या अगदीं जवळ, धन तारेवर, आणि त्या शाखेंतील सर्वांत बारीक तारेस सोसेल एवढाच बसवावा. आम्हीं आतां दोन शाखा केल्या आहेत. माथ्यावरच्या पाटीची व फळीखालच्या उजेडाची एक, तिला ३ अँपियरचा फ्यूज. आणि बटणांतील दिव्यांची दुसरी, तिला १ अँपियरचा.

किती विजेचा पुरवठा लागेल याचा हिशेब सोपा आहे. बाजारांत ज्या दिव्यांच्या पट्ट्या मिळतात, त्यांपैकीं मीटरला ६० मोठे दिवे असलेली १२ व्होल्टची पट्टी मीटरमागें सुमारें १४.४ वॅट घेते. आम्हांस २ मीटर लागली. म्हणजे २८.८ वॅट, १२ नें भागतां २.४ अँपियर. बटणें सोळा, प्रत्येकीं फार तर २० मिलिअँपियर, म्हणजे सुमारें ०.३ अँपियर. एकूण २.७. त्यावर चौथाई सूट ठेवली कीं ३.४ होतात; तेव्हां ५ अँपियरचा पुरवठा भरपूर झाला. ही १२ व्होल्टची पट्टी तीन-तीन दिव्यांच्या गटांची असते व कातरीची खूण असेल तेथेंच कापावयाची असते. भलत्या ठिकाणीं कापल्यास तो गट लागत नाहीं.

पुरवठा घेतांना पत्र्याची उघडी पेटी घेऊं नये, असें माझें आतां ठाम मत झालें आहे. तसल्या पेटीच्या पेचांवर घरची २३० व्होल्टची वीज उघडी असते, आणि पोरांचे हात पाठीमागून आंत जातातच. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण असलेला, चोहोंकडून बंद असा तयार अॅडॅप्टर घ्यावा. म्हणजे २३० व्होल्ट भिंतींतच राहतात व कपाटांत येतात ते केवळ १२. भिंतीकडील कामास मुलांनीं हात लावूं नये, आणि खरें म्हणजे मुलांच्या काकांनींहि लावूं नये. तें परवानाधारक तारतंत्र्याचें काम आहे. तो घरीं आलाच आहे तर गळतीचा प्रवाह ओळखून ३० मिलिअँपियरला वीज तोडणारें यंत्रहि त्याच्याकडून पाटावर बसवून घ्यावें. आमच्या जुन्या घरांत तें नव्हतें.

आतां दिव्याविषयीं. एल.ई.डी. हा प्रकाश देणारा डायोड आहे. तांबडा दिवा १९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं केला. निळा तेजस्वी दिवा साधावयास पुढें तीस वर्षें लागलीं, आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पांढरा दिवा म्हणजे बहुधा निळाच दिवा, वर पिवळ्या झळाळीचा लेप दिलेला. म्हणून तांबड्यास सुमारें २ व्होल्ट पुरतात, तर निळ्या-पांढऱ्यास ३ लागतात. यांतून प्रवाह एकाच दिशेनें जातो. सुट्या दिव्याचा लांब पाय धन. उलटा जोडल्यास तो लागत नाहीं, एवढ्यानें घाबरूं नये, फिरवून जोडावा. परंतु १२ व्होल्टवर एकटा सुटा दिवा थेट जोडला तर क्षणांत जळतो. त्याच्या मार्गांत रेझिस्टर घालावा लागतो. पांढऱ्या दिव्यासाठीं १२ वजा ३ म्हणजे ९ व्होल्ट उरले. त्यांस १५ मिलिअँपियरनें भागतां ६०० ओह्म येतात. बाजारांत ६८० चा सहज मिळतो, तो घ्यावा. विकतच्या दिवेवाल्या बटणांत बहुतेक वेळां रेझिस्टर आंतच असतो, मात्र तें बटण ५ व्होल्टचें कीं १२ चें हें दुकानदारास विचारून घ्यावें. आम्हीं नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेल्या सोळांपैकीं चार ५ व्होल्टचीं निघालीं. आधीं एकेक तपासून पाहिलीं म्हणून वांचलीं.

बटणाच्या पोटांत दोन निरनिराळीं कामें चालतात, व नवशिके हमखास चुकतात तें येथें. खेळाचा इशारा संगणकास देणारा स्विच हें एक, व दिवा हें दुसरें. स्विचच्या कड्या वेगळ्या, दिव्याच्या वेगळ्या. दिव्याची १२ व्होल्टची तार चुकून स्विचच्या कडीस लागली, तर ती वीज थेट संगणकांत जाते, आणि तो बिचारा ३.३ व्होल्टवर काम करणारा प्राणी तेथेंच प्राण सोडतो. यासाठीं रंग आधीं ठरवून घ्यावे: दिव्याची धन तार तांबडी, ऋण काळी, व स्विचच्या तारा या दोहोंपैकीं कोणत्याहि रंगाच्या नकोत. दिवे संगणकाच्या पिनांवरून चालवूं पाहणेंहि व्यर्थ. त्या पिना कांहीं मिलिअँपियरांपलीकडे देऊं शकत नाहींत.

जोडणीचा क्रम असा ठेवावा. अॅडॅप्टर भिंतींतून काढलेला असावा. त्याचें टोंक मल्टिमीटरनें एकदां तपासून कोणतें धन तें निश्चित करून घ्यावें. धन तार फ्यूजमधून न्यावी. पट्टीसाठीं पाऊण चौरस मिलीमीटरची बहुपदरी तार, बटणांसाठीं त्याहून बारीक चालेल. काळी तार एका बटणावरून दुसऱ्यावर अशी माळेप्रमाणें ओंवीत न्यावी, तांबडीहि तशीच. सांधा सोल्डरनें करावा, व त्यावर उष्णतेनें आकसणारी नळी चढवावी. ती तारेंत आधीं ओंवून ठेवण्याचें विसरूं नये. मी तीनदां विसरलों. चिकटपट्टीचें नांव आमच्या घरांत आतां कोणी काढीत नाहीं. सर्व जोडून झाल्यावर वीज देण्यापूर्वीं तांबड्या-काळ्यांत मल्टिमीटर लावून त्या एकमेकींस भिडल्या नाहींत ना, हें पाहावें; आणि वीज दिल्यावर अर्धा तास पाठ उघडी ठेवून प्रत्येक सांध्यास बोट लावून पाहावें. ऊन लागला तर तो सांधा पुन्हां करावा.

माथ्यावरच्या पाटीस दुधी अॅक्रिलिक वापरावें, व दिव्यांची पट्टी तिच्यापासून पांच-सहा सेंटिमीटर मागें ठेवावी. जवळ लावल्यास प्रकाशाचे ठिपके दिसतात. पट्टी नुसत्या लांकडावर न चिकटवितां अॅल्युमिनियमच्या पन्हळींत बसविली, तर ती थंड राहते. कपाटास खालीं व वर वाऱ्याचीं भोकें असावींत, परंतु त्यांवर बारीक जाळी हवी. पावसाळ्यांत शेतांत पाणी झालें कीं उंदीर घरांत शिरतात, आणि तारेचें वेष्टण कुरतडण्याची त्यांना विशेष आवड.

कपाट पुन्हां उभें करतांना आईनें एकच अट घातली होती: बंद करावयाचें बटण तिच्या हाताशीं असावें. तें आतां खोलीच्या दाराजवळ, तिच्या खांद्याच्या उंचीवर आहे. रात्रीं देवापुढची समई मालवली, कीं ती काठी टेकीत तिकडे जाते, बटण दाबते, आणि कपाटाच्या पाठीमागें तळहात लावून फळी गार आहे ना तें पाहते. तो काळा चर पुतण्यानें पुसलेला नाहीं. फळी बदलूं, असें मी म्हटलें तेव्हां तो "राहूं द्या, काका" म्हणाला. दादा हल्लीं जेवणानंतर पॅक-मॅन खेळतात, व तिसऱ्या पायरीपुढें त्यांचा अजून निभाव लागलेला नाहीं.