रिपोर्ट येईपर्यंत

हाताला मुंग्या येतात, पोटरीत मांस फडफडतं, जिना चढताना एक पाय जड वाटतो. न्यूरॉलॉजिस्टनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, घोट्याला नादकाटा लावून ‘कंप जाणवतोय का?’ विचारलं, आणि एमआरआय, नसांची तपासणी, रक्ताच्या चाचण्या लिहून दिल्या. ‘रिपोर्ट आले की बोलू,’ म्हणाले. तारीख पुढच्या आठवड्यातली, आणि झोप आत्ताच उडालेली. तुम्ही आज या अवस्थेत असाल तर हे तुमच्यासाठी.

थांबणं कधी धोक्याचं, ते आधी. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका हातापायातली ताकद अचानक जाणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पायांतली कमजोरी बघता बघता वर चढत असेल, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा ही वर चढणारी कमजोरी अनेकांना पहिल्यांदा कळली.

बाकीच्यांच्या निदानाला वेळ लागतो तो बहुतेकदा आजाराच्या स्वभावामुळे. नस दुखावली तरी सुईच्या तपासणीत स्नायूतले बदल दिसायला दोन-तीन आठवडे जातात. घाईने केलेली चाचणी नॉर्मल येऊ शकते आणि पुन्हा करावी लागते. पार्किन्सन्सचं निदान मुख्यतः हातपाय तपासून, चाल पाहून, गोळीने फरक पडतो का ते बघून होतं. डॉक्टर ‘महिन्याने पुन्हा या’ म्हणतात तेव्हा तो महिनाही तपासणीचाच भाग असतो.

या दिवसांत माणसाला सर्वांत जास्त दमवतं ते स्वतःच स्वतःला तपासणं. बाथरूमचं दार लावून टाचांवर चालून बघायचं. आरशात दोन्ही पोटऱ्या जोखायच्या. जीभ बाहेर काढून ती थरथरते का पाहायचं. रात्री दोन वाजता मोबाइलवर लक्षणं टाकायची आणि मोटर न्यूरॉन डिसीज या गंभीर आजारापाशी येऊन थांबायचं. असं दिवसभर ताणलेले स्नायू थकतात, थकलेले स्नायू थरथरतात, आणि ती थरथर नवा पुरावा वाटू लागते. भीतीने श्वास भरभर चालू लागला की ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, त्या खऱ्या असतात. स्नायू फडफडण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासणीत दुसरा दोष न सापडलेल्या आणि नुसतंच स्नायू फडफडणाऱ्या १२१ जणांकडे काही वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झालेला नव्हता. जागरण, चिंता, जास्तीचा चहा-कॉफी यांनी फडफड वाढते.

त्यापेक्षा एक वही करा. रोज संध्याकाळी एकदाच, पाच मिनिटं. ‘कसं वाटलं’ लिहू नका, काय जमलं नाही ते लिहा. शर्टाचं बटण लावायला वेळ लागला का? चप्पल पायातून निसटली, आणि निसटलेली कळली का? तोंड धुताना डोळे मिटल्यावर तोल गेला का? पोळ्या लाटताना हात भरून आला का? डॉक्टर नेमकं हेच विचारतात, आणि केबिनमध्ये घाबरून आपण निम्मं विसरतो. वही मिटली की दुसऱ्या दिवसापर्यंत चाचण्या बंद. पहिले दोन-तीन दिवस हात शिवशिवतील, तरी बंद.

कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून बी-१२ चं इंजेक्शन आणून टोचून घेऊ नका. शाकाहारी घरांत या जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते आणि तिनेही मुंग्या येतात, तोल जातो. पण रक्त द्यायच्या आधी इंजेक्शन घेतलं तर पातळी वाढलेली दिसते आणि मूळ कारण झाकलं जातं. आधी रक्त द्या, मग डॉक्टर सांगतील तो उपचार लगेच सुरू करा. ही कमतरता रेंगाळत ठेवायची नसते.

एमआरआयचा रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी आपल्याच मोबाइलवर येतो. तो रात्री एकट्याने उघडू नका. ‘डिस्क बल्ज’ वाचून धसका घेण्याआधी हे माहीत असू द्या: १९९४ मध्ये पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे कमरेचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांत कुठे ना कुठे असा फुगवटा होता. रिपोर्टच्या तळाशी बहुधा ‘क्लिनिकली कोरिलेट’ करा असं लिहिलेलं असतं. चित्र माणसाशी ताडून बघा, असं रेडिऑलॉजिस्टच सांगत असतो.

घरच्यांनाही एक विनंती. ‘काही नाही, सगळे मनाचे खेळ’ म्हणू नका, आणि कुणाच्या तरी चुलतभावाला असंच झालं होतं ती गोष्ट तर मुळीच सांगू नका. रुग्णाबरोबर दवाखान्यात जा. आणि तुम्हाला स्वतःला ओळीने काही रात्री झोप नसेल, किंवा ‘यापेक्षा मेलेलं बरं’ असं मनात येत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं. भेटीच्या तारखेची वाट न पाहता तो लावा.

भेटीला जाताना दोन प्रश्न कागदावर लिहून न्या. ‘डॉक्टर, तुमच्या मनात कुठले आजार आहेत आणि कुठले तुम्ही बाजूला ठेवलेत?’ आणि ‘काय झालं तर मी पुढच्या तारखेआधी यायचं?’ बरोबरच्या माणसाला उत्तरं लिहून घ्यायला सांगा. एमआरआयची नुसती कागदी प्रत नेऊ नका, फिल्म किंवा सीडीही घ्या; पुष्कळ न्यूरॉलॉजिस्टना चित्रं स्वतः पाहायची असतात, आणि ती घरी राहिली तर आणखी एक फेरी पडते.