हरलो, पण कशामुळे?



निपाणीचा बास्केटबॉल सामना आपण ३ गुणांनी हरलो, हे एव्हाना सर्वांना कळले आहे. परतीच्या बसमध्ये मुले आधी गप्प होती. मग 'पंच बरोबर नव्हते', 'त्यांची मुले उंच होती' अशी कारणे बेळगाव येईपर्यंत तयार झाली. आम्ही त्या रात्री गुणांची वही उघडून बसलो. आपल्या संघाला १४ फ्री थ्रो मिळाले होते. त्यांतले ५ आत गेले, ९ चुकले.

हा खेळ न पाहिलेल्या पालकांसाठी थोडे सांगतो. समोरच्या संघाने काही प्रकारचे नियमभंग केले की फ्री थ्रो मिळतो. बोर्डापासून ४.६ मीटरवरील रेषेमागे उभे राहून चेंडू टाकायचा. आत गेला की १ गुण. अडवणारे कोणी नसते. तेथे कामी येतो तो सराव. म्हणजे आपल्याला ना पंचांनी हरवले, ना उंचीने.

यात मुलांपेक्षा दोष आमचा अधिक. एकाच जागेवरून चेंडू टाकत राहणे कंटाळवाणे. 'सर, मॅच खेळूया' असे मुले म्हणायची आणि आम्हीही शिट्टी वाजवायचो.

अमेरिकेत जॉन वुडन नावाचे नामवंत प्रशिक्षक होऊन गेले. नव्या हंगामात ते खेळाडूंना आधी पायमोजे नीट घालायला शिकवत, कारण सुरकुती राहिली की फोड येतो आणि सराव बुडतो. यूसीएलए विद्यापीठात ते १९४८ साली आले. पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले १९६४ साली. पुढे १९७५ पर्यंत एकूण १० मिळाली. आपल्या तालुक्यातल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीप्रकारात कांस्यपदक मिळवले. त्यांची मिरवणूक सर्वांना दिसते. त्यामागची ज्यूदोच्या सरावाची वर्षे कोणाला दिसत नाहीत.

'प्रयत्न केले ना, मग झाले' हेही आम्हाला मान्य नाही. प्रयत्न मोजता आले पाहिजेत. म्हणून आता प्रत्येक खेळाडू रोज ५० फ्री थ्रो टाकतो आणि किती आत गेले ते स्वतः वहीत लिहितो. पहिल्या दिवशी एकाने १७ लिहिले, खोडले आणि पुन्हा १५ केले. त्या खोडलेल्या आकड्याचा आम्हाला करंडकाइतका आनंद झाला.

करंडक नाही, तर हा खेळ चालू का ठेवायचा, असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत निघाला. प्रश्न रास्त आहे. आमची विनंती एवढीच, की उत्तर ठरवण्याआधी कपाटाबरोबर ही वहीही पाहावी. पालकहो, दहावीचे वर्ष म्हणून मुलाला मैदानावरून काढण्याआधी त्याला संध्याकाळचा अर्धा तास द्या. चुकलेले मोजून दुसऱ्या दिवशी पुन्हा रेषेवर उभे राहण्याची सवय गणिताच्या पेपरालाही उपयोगी पडते.

आणि मुलांनो, पाऊस उघडला आहे, मैदान वाळले आहे. उद्या सकाळी साडेसहाला या. वही विसरू नका.