गाणे आमचे, खुर्ची कुणाची?

शहरोशहरी ‘स्थानिक कलावंतांशी गप्पा’ अशा धर्तीचे थेट कार्यक्रम होऊ लागले आहेत. एक निवेदक, तीन-चार खुर्च्या, एखादा लेखक, एखादी चित्रकार, एखादा गायक. मधे हशा, शेवटी गाणे. कल्पना चांगली आहे आणि आमचा तिला विरोध नाही. आमचा प्रश्न बसण्याच्या व्यवस्थेचा आहे. लेखक खुर्चीत बसतो, त्याला अर्धा तास बोलते केले जाते. शाहीर मात्र उभ्यानेच येतो, एक गाणे म्हणतो, टाळ्या घेतो आणि खाली उतरतो. असे का?

आणि कधी आमच्या माणसाला खुर्ची मिळालीच, तर प्रश्न कोणते विचारतात? ‘लहानपणी काय भोगलंत?’ ‘पहिल्यांदा जात कधी कळली?’ शेजारच्या पाहुण्याला मात्र त्याची शैली, त्याचे गुरू, त्याचा रियाज विचारला जातो. आमच्या गायकाला ही चाल कशी बांधली, ढोलकीच्या कोणत्या ठेक्यावर शब्द बसवले, हे कुणीच विचारत नाही. म्हणजे वेदना आमची आणि कला त्यांची! जात ही नुसती श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. मंचावरची ही वाटणी तिचेच सभ्य रूप आहे.

गंमत अशी की, गप्पा, विनोद, गाणे आणि विचार एकाच मंचावर आणण्याची ही रीत आज कुणी नव्याने शोधलेली नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्यात भटशाहीची चिकित्सा भरली. पुढे आंबेडकरी जलशांनी तोच सांगाडा महाड आणि काळाराम सत्याग्रहाच्या काळातल्या समाजाला हलवण्यासाठी वापरला. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव, चाळीचाळीत जात. गाणी होती, फार्स होता, सवाल-जवाब होते, वग होता. एक पात्र जुनी रूढी धरून बसे, दुसरे त्याला प्रश्नांनी भंडावून सोडे, आणि लोक हसता हसता विचार करू लागत. शाळा, मेलेल्या जनावराचे मांस, वतनाची लाचारी, दारू, अंधश्रद्धा या विषयांवर लोक जलसा ऐकायला बसत. याला तुम्ही काय म्हणाल? आम्ही याला जनतेचा गप्पांचा कार्यक्रम म्हणतो. फरक इतकाच की त्यात शाहीर पाहुणा नव्हता, तो यजमान होता.

त्या जलशांचीही एक मर्यादा होती. स्त्रीपात्रे बहुधा पुरुषच करीत. मग आज आमच्या मंचावर सूत्रसंचालन बाईच्या हाती का नसावे? कडुबाई खरात यांचा आवाज एकतारीवर घराघरांत पोहोचला, तो कुठल्या नाट्यगृहाने नेला नाही, लोकांनी मोबाईलवरून नेला. अशा बाईला बोलावून नुसते गायला लावायचे आणि मग निरोप द्यायचा, हा तिच्या बुद्धीचा अपमान आहे.

पण केवळ प्रस्थापितांना बोल लावून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या सभा पाहा. सभेची वेळ सहाची, नेता येणार नऊला. मधले तीन तास कोण भरतो? शाहीर. गळा फुटेपर्यंत गातो, गर्दी धरून ठेवतो. नेत्याची गाडी दिसली की ‘आवरा’ अशी खूण होते आणि कडवे अर्ध्यावर तोडले जाते. हार नेत्याला, शाल नेत्याला, आणि शाहिराच्या हातावर जे पडेल ते. वामनदादा कर्डकांनी हजारो गीते लिहून ही चळवळ खेड्यापाड्यांत पोहोचवली. विठ्ठल उमप यांनी २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच देह ठेवला. त्यांच्या वारसांना आपण नेता येईपर्यंतचा वेळ भरायला ठेवणार काय?

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांचे गाणे आज नव्या पिढीला ऐकू येते, कारण एका माहितीपटकाराने ते वेळीच चित्रित करून ठेवले होते. ज्यांच्यापुढे कॅमेरा गेलाच नाही, असे किती शाहीर प्रत्येक तालुक्यात होऊन गेले? त्यांच्या वह्या कुठे आहेत? त्यांच्या चाली कुणाला येतात?

चेन्नईत पा. रंजित यांच्या नीलम संस्थेच्या पुढाकाराने जानेवारी २०१८ मध्ये ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभे राहिले. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत मयतीला गायला जाणारे गाना-संगीत, रॅप आणि रॉक एका मंचावर आले. नावामागे अयोथी दास यांचा जातिविरहित तमिळांचा विचार होता. त्यांनी प्रस्थापित सभागृहाच्या निमंत्रणाची वाट पाहिली नाही. मंच स्वतः बांधला. ज्यांच्याकडे जलशाची परंपरा आहे, त्या महाराष्ट्राला हे अवघड का वाटावे?

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनो, आमचे म्हणणे सरळ आहे. महिन्यातून एकदा आपल्या विहारात किंवा समाजमंदिरात असा मंच भरवा. एक शाहीर, एक लेखक, एक वादक, एक रॅप करणारे पोर. सगळ्यांना सारखी खुर्ची आणि सारखा वेळ. सूत्रसंचालन मुलीकडे द्या. प्रश्न कलेचे विचारा, दुःख त्यांना सांगावेसे वाटले तर ते सांगतील. मानधन आधी ठरवा आणि कार्यक्रमाच्या रात्रीच द्या. ‘चळवळीसाठी फुकट गा’ हे वाक्य कायमचे बंद करा. मंडपवाला आणि साउंडवाला फुकट येत नाही, मग शाहीरच का? चित्रीकरण करा, पण त्यावर हक्क कलावंताचा ठेवा. आणि कुणी नेता आला, तर तो पुढच्या रांगेत बसून ऐकेल.

पैसा कुठून, असे विचाराल. १४ एप्रिलच्या डीजेच्या भिंतीवर एका रात्रीत जे उडते, त्यातला थोडा वाटा बाजूला काढा. त्या भिंतीपुढे शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही, आणि प्रबोधन तर बोलण्या-ऐकण्यातूनच होते.

प्रस्थापितांच्या मंचावर बोलावले तर जरूर जा, पण जाताना एकच अट घाला: आधी खुर्ची, मग गाणे.

जय भीम!